सात राज्यांची तहान

आज बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलं आणि टाकीतून गाळाचा वास उठला. त्या वासानं वाळूजची खोली आठवली. तिथं मी आणि माझा खोलीमित्र, पैठणकडचा अंबादास, संगणकावर एक गेम खेळायचो. त्यातल्या प्राचीन देवांनी एक खोरं बुडवून सात राज्यांची तहान भागवली होती.

"साताला एक. देवांचं बरोबरच आहे," मी म्हणालो.

"लई सोपा हिशोब हाय रं तुझा," अंबादास म्हणाला. "आमचं गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजा अजून घराचा उंबरा हुडकायला जातो. देवांनी खाली येऊन इचारलं व्हतं का कुणाला?"

आमच्या शहराला पाणी त्याच धरणाचं.

आकडे मला आजही बरोबर वाटतात. तरी टाकी भरत आली की मी नळापाशी उभा राहतो, थेंबभरही वाहू देत नाही.