एका ओळीवरून साडू-साडू

ऑफिसात त्यांना सगळे बिनचूकराव म्हणत. हे नाव लोकांनी कौतुकाने ठेवलंय असं त्यांना पुष्कळ वर्षं वाटत होतं, यावरूनच स्वारी किती बिनचूक होती ते कळावं. ही हकिकत आता ते स्वतःच सांगतात, आणि स्वतःला झोडपताना हात आखडता घेत नाहीत. काही राहिलंच तर बायको भर घालते.

त्यांची कंपनी पाण्याच्या टाक्यांची पातळी मोजणारा एक प्रोग्रॅम बनवते. तो सी भाषेत लिहिलेला आहे आणि दोन तऱ्हेच्या यंत्रांवर चालावा लागतो. एका तऱ्हेवर तो नीट बांधला जातो, म्हणजे लिहिलेल्या ओळींतून चालता प्रोग्रॅम तयार होतो, की नाही हे बघायचं काम बिनचूकरावांकडे, दुसऱ्या तऱ्हेवर त्यांच्या साडूकडे. म्हणजे खऱ्याखुऱ्या साडूकडे, बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे. दोघांची टेबलं समोरासमोर. घरंही एकाच इमारतीत, हे दुसऱ्या मजल्यावर आणि तो तिसऱ्या. दोघी बहिणींचं काहीतरी घेऊन सारखं वर-खाली चालू असे.

ही नोकरी साडूनेच लावून दिली होती. आधीची कंपनी बंद पडली तेव्हा बिनचूकरावांचं वय सत्तेचाळीस होतं, आणि त्यानंतर वर्षभर ते घरी बसून भिंतीवरच्या घड्याळाच्या चुका काढत होते. नव्या ठिकाणी रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी बिल्डच्या, म्हणजे या बांधणीच्या, फाइलीत एक फ्लॅग टाकला, म्हणजे एका शब्दाची सूचना. ही बांधणी करणाऱ्या कंपायलरला बजावलं, की भाषेच्या मानकात जे लिहिलंय तेवढंच चालेल, त्याबाहेरचं काही ओळखायचं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. पण शिस्त म्हणून काही असते की नाही?

सहा वर्षं काही बिघडलं नाही. साडूच्या यंत्रावरचा कंपायलर मानकाबाहेरचं फंक्शन, म्हणजे यंत्राने दिलेली एखादी तयार सोय, दिसलं की जरा कुरकुरायचा आणि पुढे जायचा. मग त्याची नवी आवृत्ती आली, आणि ती अडूनच बसली. फंक्शन यंत्रात आहे, रोज वापरात आहे, पण ही म्हणणार की मी नाही ओळखत. यावर तोडगा असतो. सगळ्यांनी वापरायच्या हेडर फाइलीत, अगदी वर, एका ओळीचा मॅक्रो लिहायचा, की मला अमुक प्रकारची जादा फंक्शनंही हवीत. साडूने ती ओळ लिहिली आणि त्याचं काम सुरळीत झालं.

इकडे बिनचूकरावांचं बंद पडलं. कारण मागणी तीच असली तरी घरं वेगळी. एका घरी चहा मागितला की जेवणाबरोबर चहाही येतो. दुसऱ्या घरी ‘फक्त चहाच हवाय ना’ म्हणून पुढ्यातलं ताट उचलून नेतात. त्यांच्या यंत्राने तो मॅक्रो वाचून स्वतःची नेहमीची फंक्शनं लपवून टाकली.

तोंडासमोर बसलेल्या माणसाला विचारायचं सोडून बिनचूकरावांनी ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी साडूने ती परत लिहिली. यांनी परत पुसली. असे तेरा दिवस गेले. प्रत्येक बदलाबरोबर शेरा लिहायचा असतो. साडू लिहायचा, ‘बिल्ड दुरुस्त’. हे लिहायचे, ‘अनावश्यक घाण काढली’. पुढे पुढे शेरे लांबले. रागावले की बिनचूकरावांचं ‘तू’ थेट ‘आपण’ होतं, त्यामुळे ‘आपण मानक एकदा वाचण्याची तसदी घ्यावी’ असलं वाङ्मय तयार झालं. सातव्या दिवशी साडूने ती ओळ फक्त आपल्या यंत्रापुरती लागू होईल अशी अट घातली. म्हणजे भांडण तिथेच मिटत होतं. यांनी तीही पुसली आणि लिहिलं, ‘नियम सर्वांना एकच. जर-तर चालणार नाही.’ हे वाक्य सांगताना ते आजही कान पकडतात.

चौदाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, बायको समोर येऊन बसली. साडूने दुसऱ्या शहरातल्या शाखेत बदली मागितली होती. गुरुवारी तो जागा बघायला जाणार होता, शुक्रवारी होकार कळवणार होता. धाकटीने मुलीच्या शाळेचीही चौकशी केली होती.

“तुमच्या एका ओळीपायी माझी बहीण चाललीय,” बायको म्हणाली. “लग्नानंतर आम्ही दोघी कधी लांब राहिलो नाही. मला ती इथे हवीय. बाकी तुमचं काय ते तुम्ही बघा.”

ओळ माझी नाही, त्याची आहे, असं बिनचूकरावांनी स्पष्ट केलं. बायको उठून गेली. तिचं बोलणं त्यांना लागलं होतं, पण माणूस हट्टी. आपण बरोबर आहोत हे सिद्ध केलं की सगळं आपोआप ठीक होईल, असं त्यांनी ठरवलं.

गुरुवारी साडू रजेवर गेला, तेव्हा ते त्याच्या यंत्रावर जाऊन बसले. बेत असा, की साडूची ओळ नसतानाही सगळं चालतं हे दाखवायचं आणि साहेबांपुढे कागद ठेवायचा. ओळ काढून बिल्ड लावलं. बावीस चुका. पुन्हा लावलं, पुन्हा बावीस. जेवायची सुट्टी गेली. शेवटी वैतागून एकच फाइल हाताने बांधून बघावी म्हणून त्यांनी स्वतः कमांड टाइप केली, आणि ती एका क्षणात बिनतक्रार बांधली गेली. आपण काय कमाल केली ते शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली. कमाल एवढीच, की घाईत ते स्वतःचा फ्लॅग लिहायला विसरले होते.

मग त्यांनी फ्लॅग काढून सगळा प्रोग्रॅम बांधला. एकही चूक नाही. आपल्या टेबलावर येऊन तसंच केलं. तिथेही नाही. कुठलाच मॅक्रो नको होता, अट नको होती, भांडण तर मुळीच नको होतं. बावीस चुका दिसत होत्या, पण चूक एकच होती, आणि ती बिनचूकरावांची होती. साहेबांसाठी आणलेला कोरा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

संध्याकाळी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. साडू नुकताच प्रवासातून आला होता, पायातले मोजे काढत होता. धाकटी भावोजींना बघून आत निघून गेली. बिनचूकराव उभ्याउभ्याच बोलले.

“चूक माझी होती. माझा फ्लॅग काढला की दोन्हीकडे चालतं.”

“माहीत आहे, दादा.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग काढला का नाहीस? एका मिनिटाचं काम होतं.”

साडूने मोज्यांची गुंडाळी करून बाजूला ठेवली.

“तुम्ही तो टाकलात त्या रात्री आपण सगळे तुमच्याकडे जेवायला होतो. वर्षभरात तुम्ही पानावर बसून कुणाशी धड बोलला नव्हतात. त्या दिवशी अर्धा तास त्या फ्लॅगवर बोलत होतात, आणि ताई नुसती तुमच्याकडे बघत होती. तो मी कसा पुसू? म्हणून वरून ठिगळ लावत होतो.”

बिनचूकरावांना बसावंसं वाटलं, म्हणून ते बसले. जी तेरा दिवस ‘घाण’ म्हणून पुसली ती या माणसाची माया होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

“मी उद्या काढतो,” ते म्हणाले. “माझ्या हाताने. तू जाऊ नकोस.”

साडूने आत हाक मारून दोन कप चहा टाकायला सांगितलं. धाकटी बाहेर आली, तिने दोघांकडे बघितलं, आणि चहा टाकायच्या आधी बहिणीला सांगायला जिना उतरून गेली.