पश्चिमेच्या खिडकीचं कापड

उस्मानपुऱ्यात पहिल्या मजल्यावर आमचं घर. रस्त्याच्या बाजूला पश्चिमेची एकच मोठी खिडकी आणि तिच्यापाशी आमच्या ह्यांची खुर्ची. रिक्षावाला नातीला शाळेतून आणून रस्त्यापलीकडं सोडायचा. ती तिथंच थांबायची. हे वरून बघायचे आणि रस्ता मोकळा झाला की ओरडायचे, "ये गं!" मग ती धावत यायची. माझे गुडघे जिना म्हटलं की रुसतात, म्हणून हे काम त्यांनी आपणहून घेतलेलं.

त्या उन्हाळ्यात ते म्हणायला लागले, चारच्या उन्हात डोळ्यांपुढं नुसता पांढरा जाळ होतो. सासऱ्यांचे डोळे असेच हळूहळू गेले होते. डॉक्टरकडं चला म्हटलं तर खेकसले, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? खिडकीला काहीतरी लाव." उन्हाचाच दोष असू दे देवा, असं म्हणत मी पडद्यांचं दुकान गाठलं.

गुंडाळायच्या पडद्यांच्या कापडात माझा हात आधी पांढऱ्यावर गेला. आमच्याकडं ऊन म्हटलं की पांढरंच, डोक्याला उपरणं पांढरं आणि गच्चीला चुना. दुकानदार म्हणाला, "भाभी, यहाँ ट्यूबलाइट में मत देखो. घर की खिडकी पे धर के देखो." त्यानं बारीक जाळीचे तीन मोठे तुकडे दिले, पांढरा, राखाडी आणि काळा.

दुपार कलल्यावर खिडकीला आधी पांढरा लावला. खोली उजळ राहिली, पण ऊन पडून कापडच असं चमकलं की पलीकडचं काही दिसेना. राखाडीतून रस्ता धूसर. काळ्यानं खोली अंधारली खरी, पण डोळे निवले आणि मला समोरच्या मेडिकलची पाटीसुद्धा वाचता आली. काळ्यातून जास्त स्वच्छ दिसावं, हे मला उलटंच वाटलं. ह्यांना विचारलं. "लई छान, सगळं दिसतंय," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

पण मेलं मन मानेना. "खाली जाऊन हात हलवते, बघा," असं सांगून मोबाइल कानाला लावूनच उतरले आणि मेडिकलपुढं जाऊन उभी राहिले. वर बघितलं तर नुसतं काळं कापड, आतले हे दिसेनात. हात हलवला. "दिसलीस की, हात हलवतेस," फोनवर ते म्हणाले. मला आनंदानं रडूच आलं.

रस्ता ओलांडून परत आले. फोन कानालाच होता. जिन्याच्या दारात पाय ठेवता ठेवता उगाच विचारलं, "आता?"

"अगं, तिथंच तर उभी आहेस. अजून हलवतेस."

भिंत धरली. म्हणजे इतके दिवस रस्ता बघत कोण होतं? रिक्षाचा भोंगा ऐकायचा, गाड्यांचा आवाज थांबला की हाक मारायची, एवढ्यावर पोरीचा जीव होता. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण भीतीनं रागाला जागाच ठेवली नाही.

तेवढ्यात भोंगा वाजला. जरा वेळानं फोनमधून आणि डोक्यावरून एकदमच ह्यांचा आवाज आला, "ये गं!"

मी बाहेर धावले. पाण्याचा टँकर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतारावरून येत होता, आवाज कसला तो नाहीच. नात रस्त्याच्या मध्यावर. मी कशी पोचले ठाऊक नाही, दप्तराचा पट्टा धरून तिला ओढलं. टँकर आम्हाला वारा लावून पुढं गेला.

तिला कवटाळलं, मग दंडाला धरून गदागदा हलवलं. "इकडं तिकडं बघत जा की गं."

ती म्हणाली, "मी कशाला बघू, आजी? आबांनी ये म्हटलं की मी डोळे मिटून पळते."