शेजारच्या सीटचा ब्रेक

गाडीचा आपल्याला वीट आलाय, हे मास्तरांनी तोंडानं कधी कबूल केलं नाही. पण त्यांच्या पायानं ते केव्हाच जगजाहीर करून टाकलं होतं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. हा दुसरा ब्रेक अडीनडीला वापरायचा. मास्तरांनी मात्र त्याची वहिवाटच पाडली होती. समोर सायकलवाला दिसो, कुत्रं दिसो, नाहीतर नुसतं वळण दिसो, शिकणाऱ्याच्या मनात थांबायचा विचार येण्याआधीच मास्तरांचा पाय खाली गेलेला असे. शिकणाऱ्याची मान पुढे आपटे. "समोर बघा," मास्तर थकल्या आवाजात म्हणत. तो बिचारा समोरच बघत असे.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. मास्तरांच्या हाताखालून गेलेली माणसं गिअर ऐटीत बदलत, आरसे पाहत, इंडिकेटर कधी विसरत नसत, आणि परीक्षेच्या दिवशी थांबायच्या पट्टीवरून खुशाल पुढे निघून जात. ब्रेक आपण लावायचा असतो हे त्यांना कुणी कळूच दिलं नव्हतं. स्कूलचा मालक अधूनमधून चहा पाजून म्हणे, "मास्तर, जरा पाय आवरा." मास्तर मान डोलावत आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

हाच माणूस एके काळी गाड्यांपायी वेडा होता, हे आता सांगूनही कुणाला पटलं नसतं. अंथरुणात पडल्या पडल्या रस्त्यावरची गाडी आवाजावरून ओळखणारा हा मुलगा. "याचं लग्न गॅरेजातच लावा," असं आई म्हणायची. गोदामातली खुर्चीतली नोकरी सोडून तो स्कूलमध्ये आला तो एवढ्याच हिशेबानं, की दिवसभर गाडीत बसायला मिळेल आणि वर पगारही. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. मास्तरांचे चांगली पंधरा वर्षं टिकले. पण तोच गोल चौक, तोच दवाखान्यापुढचा चढ, आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या पायाखाली आचके देऊन बंद पडणारं इंजिन. माणसानं किती सोसावं? दिवसभर कुणीतरी आपल्याला भिंतीवर नेऊन आदळणार या तयारीनं बसायचं आणि संध्याकाळी घरी जायचं ते पायी. बस सोडून पायी. कुणाच्याही शेजारी, कुठल्याही चाकांवर, आणखी एक मिनिट बसायची त्यांची इच्छा नसे.

घरापुढे त्यांची स्वतःची गाडी होती. तरुणपणी भंगारातून उचलून, सुट्टीसुट्टीला राबून त्यांनी ती उभी केली होती. आता ती ताडपत्रीखाली असे. दर रविवारी मास्तर ताडपत्री वर करत, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन थोडा वेळ चालू ठेवत, बंद करत आणि ताडपत्री पुन्हा ओढून घेत. समोरचा शिंपी मशीनवरून हाक मारायचा, "काय मास्तर, पेशंट कसा आहे?" मास्तर म्हणत, "श्वास चालू आहे."

हे सगळं मास्तरांची बायको दारातून बघत असे. गल्लीत तिला मास्तरीणबाई म्हणत, त्यात निम्मी थट्टाच होती, कारण मास्तरीणबाईंना सायकलसुद्धा येत नव्हती. तिची थोरली बहीण लांबच्या गावी एकटी राहायची. गुडघ्यांनी तिला जागेवर बसवलं होतं. आधी तीच इकडे येत असे. आता येणं सरलं होतं. बसनं जायचं तर दोनदा गाडी बदलून शेवटी मैलभर चालावं लागे. "ताईकडे नेता का हो?" असं बायको विचारायची. "पुढच्या रविवारी," मास्तर म्हणायचे. असे पुढचे रविवार किती आले नि गेले, त्याला गणती नव्हती. खोटं बोलायचा त्यांचा हेतू नसे. रविवार उजाडला की अंगात त्राणच उरत नसे, एवढंच.

शेवटी एकदा ती म्हणाली, "मग मलाच शिकवा. मी जाईन."

शिकवायला बसले. स्कूलचीच गाडी, तोच गोल चौक. आठवडाभरानं तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. म्हणजे तिनं घेतली असं म्हणायचं, थांबवली मास्तरांनीच. तिनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "इतक्या दिवसांत मी एकदा तरी ब्रेक लावलाय का?"

"लावला असशील की."

"एकदाही नाही. दर वेळी तुम्हीच लावलात. घरातही तसंच आहे म्हणा, पण ते जाऊ द्या." ती दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर तिनं गाडीचं नाव काढलं नाही, ताईकडे जायचंही नाही. मास्तरांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. पण दमलेल्या माणसाची लाज फार टिकत नाही.

पुढे एका सकाळी मास्तर आपल्या दोघा शिकाऊंना घेऊन परीक्षेच्या मैदानावर गेले. पलीकडच्या स्कूलची गाडीही तिथे आली होती. ते स्कूल एक बाई चालवायची. ती पूर्वी मास्तरांकडेच शिकली होती. तिच्या शिकाऊंच्या रांगेत, पर्स पोटाशी घट्ट धरून, मास्तरीणबाई उभ्या होत्या.

मास्तरांना आधी वाटलं, डबा विसरला म्हणून आली असेल. मग डोक्यात प्रकाश पडला. बायकोनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि समोर बघायला लागली.

बाई जवळ आली. "सर, रागावू नका. न सांगायचं वचन घेतलं होतं त्यांनी."

"कधीपासून चाललंय?"

"तुम्ही सकाळची पहिली गाडी काढलीत की त्या माझ्याकडे यायच्या. रोज."

चारचौघांत मास्तरांचं नाक कापलं गेलं होतं आणि ते कापायला घरचीच कात्री लागली होती. मैदानावरचा प्रत्येक जण त्यांना ओळखत होता. निघून जावं असं त्यांना फार वाटलं. पण तेवढ्यात तिचा नंबर लागला, आणि पाय जागचे हलेनात.

चढावर तिनं गाडी थांबवली आणि पुन्हा उचलली. तसूभर मागे घसरली, पण बंद पडली नाही. मग उतार, मग वळण, मग ती पांढरी पट्टी. गाडी जोरात येत होती. "लाव," मास्तर पुटपुटले. त्यांचा बूट जमिनीत असा रुतला की बाजूच्या माणसानं वळून पाहिलं. गाडी पट्टीच्या अलीकडे थांबली, नीट, मान न आपटता. ब्रेक तिनं लावला होता.

मास्तरांच्या दोघांपैकी एक पास झाला. दुसरा पट्टी ओलांडून थेट परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या टेबलापर्यंत गेला.

त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलणं चाललं. शनिवारी रात्री भांडी विसळता विसळता बायको म्हणाली, "उद्या मी ताईकडे जातेय. आपल्या गाडीनं. तुम्हाला यायचं असेल तर या. पण पाय घरी ठेवून या."

मास्तर गेले. का गेले हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. काळजी म्हणावी तर होतीच, आणि तिनं एकटीनं जाऊन दाखवलं तर पुढे आपल्याला कुणी विचारणार नाही, ही भीतीही होती. शिंपी मशीन थांबवून बघत होता. त्याच्या देखत ते शेजारच्या सीटवर बसले.

स्वतःच्या गाडीत त्यांच्या पायाखाली नुसती चटई होती. पहिल्या चौकात त्यांनी ती दाबली. दुसऱ्या चौकात पुन्हा दाबली.

"तिथे काही नाहीये," बायको रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग झालं तर."

शहर मागे पडलं. लांबलचक चढ लागला आणि इंजिन घरघरायला लागलं. मास्तरांच्या तोंडाशी शब्द आला, पण त्याआधीच तिनं मान जराशी कलती करून ऐकलं आणि गिअर खाली घेतला. गाडी मोकळी होऊन चढू लागली.

"हे कुणी शिकवलं?"

"बाईंनी. त्या म्हणतात, गाडी आधी सांगते आणि मग बंद पडते. तिचं सांगणं ऐकायचं."

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. हे वाक्य त्यांचं होतं. दवाखान्यापुढच्या चढावर बाई रडकुंडीला आली होती तेव्हा त्यांनीच तिला गाडी बाजूला घ्यायला लावली होती, डोळे मिटून नुसतं इंजिन ऐकायला लावलं होतं, आणि तास संपला तरी किती वेळ सांगत बसले होते. त्यानंतर आपण हे शेवटचं कुणाला सांगितलं, ते त्यांना काही केल्या आठवेना. ते वाक्य आपलं आहे, असं बायकोला सांगावंसं वाटलं, आणि नाही सांगितलं. सांगून काय करायचं होतं? बाईनं काही चोरलं नव्हतं. त्यांनी टाकून दिलेली वस्तू तिनं उचलून, पुसून वापरात ठेवली होती.

ताईच्या गावात शिरले तेव्हा ऊन कललं होतं. गल्लीच्या तोंडाशीच ताईचं घर. ताई खिडकीत बसलेली लांबूनच दिसली, हात वर करून. बायकोनं वेग कमी केला, हॉर्न वाजवला, हसून मान हलवली, आणि घर मागे टाकून गाडी पुढे काढली.

"अगं, ताई," मास्तर म्हणाले.

"दिसली." ती शरमली होती, कानापर्यंत. "रागावू नका. एवढ्या वर्षांनी आले आणि आता थांबावंसंच वाटत नाहीये. त्या पुढच्या वळणापर्यंत जाऊन येऊ का? ताईला सांगेन मी, ती हसेल."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. चष्मा नाकावर घसरला होता आणि तो वर करायचंही तिला सुचत नव्हतं. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. एके काळी तो त्यांना स्वतःच्याच आरशात दिसायचा. त्यांना हेवा वाटला. चांगला सणसणीत हेवा वाटला. मग त्यांनी स्वतःलाच विचारून पाहिलं की आपल्याला चालवावीशी वाटतेय का, आणि उत्तर आलं, नाही. ती हौस गेली ती गेलीच होती. पण ही गाडी इतक्यात थांबू नये, असं मात्र वाटत होतं.

"वळणापर्यंत कशाला," मास्तर म्हणाले. "टेकडीपर्यंत जा. पुढे रस्ता चांगला आहे."