हिरामण आणि एरंडीचा वायदा

एरंडीच्या वायद्यात बुडालेली माणसं मी पुष्कळ पाहिली. बहुतेकांची कीव आली नाही, कारण ती हावरट होती. हिरामण हावरट नव्हता. म्हणून त्याचा रागही येतो आणि त्याच्यासाठी जीवही तुटतो.

१९८६ साली मी वाशीत नंदकुमारशेठच्या पेढीवर फोन सांभाळायचे. पुढे मिळणाऱ्या मालाचे सौदे आजच करणाऱ्या मुंबईच्या वायदा बाजारातून एरंडीचा भाव यायचा, तो मी खडूने फळ्यावर लिहायचे. हिरामण रोज दहाला येऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा. खाडीकाठच्या गावातला शेतकरी. जमीन नव्या शहरासाठी गेली, आणि पाठोपाठ बायको गोजरा उरणला काशीकडे, म्हणजे लेकीकडे राहायला गेली. समोर बिल्डिंगी उठताना बघत घरात बसून राहणं तिला जमेना. पुन्हा शेत घेतलंस की येते, एवढंच ती म्हणाली होती. पेणकडे दोन एकर विकाऊ होते. नुकसानभरपाईच्या पैशांत त्यातला एकच येत होता. दुसऱ्यासाठी हा माणूस आमच्या फळ्यापुढे येऊन बसला होता. दिवसभरात तो कोणाशी चार वाक्यं बोलला तर खूप. आम्हीही त्याला बोलतं केलं नाही, आम्हाला कुठे वेळ होता.

त्याची खेळायची रीत एकच. भाव पंधरा-वीस दिवस दोन आकड्यांच्या मध्ये घुटमळत राहिला की हा टपून बसायचा. वरचा आकडा ओलांडला की घ्यायचं, आणि बाजार बंद व्हायच्या आत विकून मोकळं व्हायचं. तरुणपणी त्याने खारजमिनीचे बांध राखले होते. उधाणाचं पाणी एकदा बांध ओलांडून आत आलं की सगळं शेत भरल्याशिवाय राहत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. भावही तसाच वागणार, असं तो धरून चालला. तीनदा त्याचं खरं ठरलं आणि तिथेच घात झाला.

शेठनी त्याला एकदा समजावलं होतं. वरच्या आकड्याशी तुझ्यासारखे शंभर जण टपलेत हे मोठ्या व्यापाऱ्यांना ठाऊक असतं. ते स्वतःच भाव थोडा वर ढकलतात, तुम्ही धावलात की तुमच्याच गळ्यात माल मारतात. भाव मागे फिरला तर थोडं नुकसान सोस आणि सुटून जा. हिरामणने मान डोलावली. शेठची दलाली काही बुडत नव्हती, त्यांनी फार ताणलं नाही. मीही नाही, खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरात भाव अठरा दिवस अडकला होता. एकोणिसाव्या दिवशी साडेअकराला वरचा आकडा ओलांडला. हिरामणने सगळी भरपाई अनामत म्हणून ठेवली आणि तिच्या कितीतरी पट माल घेतला. वायद्यात ते चालतं, म्हणूनच थोड्या घसरणीतही माणूस झोपतो. बाराला भाव आणखी चढला. हिरामणने मला विचारलं, पेणची एसटी किती वाजता असते. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं. एक वाजता भाव पुन्हा त्या आकड्याखाली आला.

"सोडा दादा, अजून थोडक्यात सुटाल," मी म्हटलं.

"बाई, पानी बांदावरशी आत आला का मागं फिरत नाय."

दोनला भाव आणखी खाली. अडीचला त्याहून खाली. मी पुसत होते, लिहीत होते आणि तो बघत होता. तीनला शेठनी त्याला न विचारता सौदा कापला, त्याचा सगळा माल विकून टाकला. अर्ध्या एकराचेही पैसे उरले नव्हते. हिरामण उठला, चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

महिनाभराने गोजराबाई पेढीवर आल्या. घराला कुलूप होतं, हिरामण इथे बसायचा असं त्यांना गावात कळलं होतं. तो कुठे आहे, हे मला सांगता येईना. बाकीचं सगळं सांगितलं, दुसऱ्या एकराचंसुद्धा.

"दोन एकर मी कवा मागला?" त्या म्हणाल्या. "एक बास होता मना. त्यानी इचारलाच नाय."

उरणला त्या परत गेल्या नाहीत. कुलूप तोडून गावातल्या घरातच राहिल्या, हिरामण आला तर घर उघडं दिसावं म्हणून. याला आता तीन वर्षं झाली.