उभ्या माणसाला इथे काही मिळत नाही

माझी बायको फिलोमिना उभ्या माणसाला कधी जेवण देत नसे. दारात कोणी भुकेला आला, हात पसरला, की ती आतूनच ओरडायची, "उभ्या माणसाला इथे काही मिळत नाही!" नवख्याला वाटायचं, बाई चिकट आहे. तो वळतो न वळतो तोच ही स्टूल घेऊन बाहेर. तेही पुढच्या ओट्यावर, मागच्या दारी नाही. स्टूल ठेवायचं, पदराने पुसायचं आणि म्हणायचं, "बस. आता सांग काय हवं ते."

स्टूल माझ्या बापाने केलेलं, फणसाच्या लाकडाचं. एक पाय आखूड. त्याखाली ती कौलाचा तुकडा सारायची, म्हणजे बसणारा डुगडुगणार नाही. मी म्हणायचो, "फिलू, भिकाऱ्याला एवढा थाट?" ती म्हणायची, "भिकारी उभा असतो. बसला की पाहुणा."

तिला जाऊन यंदा दुसरा पावसाळा. मी चौथी शिकलो आणि बापाने केळीच्या बागेत घातला. मला लिहिता येतं, नटवता येत नाही. तेव्हा जसं होतं तसं सांगतो, आणि आधी माझंच सांगतो. मला तिचं हे वागणं बिलकूल आवडत नसे.

आमच्या निर्मळ गावाच्या बाजूला परका माणूस दिसला की पहिला प्रश्न, "कोणाचा तू?" म्हणजे कुठल्या आळीतला, कुठल्या घरातला. उत्तर आलं नाही तर गडी चोर. फिलू हा प्रश्न कधी विचारत नसे. मी विचारला तर मला गप्प करायची. "ज्याला कोणी असतं तो आपल्या दारात कशाला येईल हो? विचारून त्याला रडवायचं आहे का?" शेजारणी टोमणे मारायच्या, "फिलूकडे रोजच लग्न." ही हसून म्हणायची, "मग या ना वाढायला!"

सखाराम आला तो निर्मळची जत्रा उठल्यावर. सत्तर सालानंतरची गोष्ट, नक्की साल आठवत नाही. पाळणे गेले, मिठाईवाले गेले, तळ्याच्या काठी हा एकटा उरला. पन्नाशीचा, हाडकुळा, जवळ पत्र्याची पेटी आणि छत्रीच्या काड्यांचं बोचकं. फिलू सुकी मासळी आणायला गेली होती. मासळीबरोबर ह्यालाही घेऊन आली.

"हे कोण?" मी विचारलं.

"सखाराम. छत्र्या दुरुस्त करतात."

"पाऊस जाऊन महिना झाला!"

"म्हणून तर बसलेत ना तळ्यावर."

स्टुलावर बसून त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या, मग आपणहूनच बोलला. घाटावरचा होता. बायको वारली, तसा भावाच्या ओटीवर निजायचा. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. भाऊ म्हणाला, मांडव घालायचाय, ओटी रिकामी कर. "केली रिकामी," सखाराम म्हणाला. "तवापासून जागा रिकामी करतच फिरतोय बघा, वैनी. देवळाची पायरी, बाजाराची पडवी, कुणाच्या दुकानाची फळी. सकाळ झाली की रिकामी करायची."

हे बोलताना तो हसत होता. फिलू हसली नाही. तिने मला बाजूला घेतलं. "विहिरीवरची पंपाची खोली आहे ना?"

"तिथे इंजिन आहे."

"इंजिन काय निजतं का?"

मी म्हटलं, ईस्टरपर्यंत. त्यापुढे एक दिवस नाही. आणि खोलीचं कुलूप काढताना दोनदा बजावलं, इंजिनाला हात लावायचा नाही. आमच्याकडे तेव्हा पंपाच्या चोऱ्या फार. फिलू मला म्हणाली, "शेवटच्या दिवशी देव तुम्हाला रोझरी किती केल्या ते विचारणार नाही. मी परका म्हणून आलो तेव्हा मला कुठे बसवलंस, ते विचारील."

"देव काय छत्र्या दुरुस्त करत येणार आहे?"

"सुतार होऊन आला होता. छत्रीवाला व्हायला कितीसा वेळ!"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

सखाराम बागेत पाण्याचे पाट वळवायचा, केळीची सुकी पानं काढायचा. सुकेळी करायला फिलू केळी उन्हात मांडायची, तेव्हा कावळे हाकायला तुटकी छत्री उघडमीट करत बसायचा. कावळे त्याला घाबरायचे, मी नाही. एक दिवस सकाळी पंप सुरू करायला गेलो, तर इंजिनाचा पट्टा गायब. सखाराम खोलीत नव्हता. माझं डोकं फिरलं. तो बागेच्या वाटेने येताना दिसला, तशी मी अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "चोरा! पट्टा कुठे विकलास?"

तो जवळ आला. काखेतून पट्टा काढून माझ्या हातात दिला. पट्टा सांध्यावर फाटला होता. निर्मळच्या चांभाराच्या आरीने त्याने तो शिवून आणला होता, छत्रीच्या दुहेरी टाक्याने. मग आत जाऊन पेटी भरायला लागला.

"कुठे चाललास?"

"रिकामी करतो. सवय हाय, मालक."

माफी मागायची होती, पण मी पट्टा चढवायला लागलो. तसाच पंप चालू केला, केळीला पाणी सोडलं आणि दुपारी घरी जेवायला गेलो. भात वाढलेला. पाट नाही.

"पाट कुठे?"

"सखारामला दिला. बागेच्या तोंडाशी पेटी घेऊन उभे आहेत ते. तुम्ही उभं केलंत ना."

"मग मी कुठे बसू?"

फिलूने ताटावर ताट झाकलं. "उभ्या माणसाला इथे काही मिळत नाही."

लग्नाला वीस वर्षं झाली होती. तिने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही चढवला. मी बागेच्या तोंडाशी गेलो. सखाराम उभाच होता, पाट काखेत धरून. बसला नव्हता. मी म्हटलं, "सखाराम, चूक झाली. घरी चल, तू बसल्याशिवाय ही मला जेवायला देणार नाही." तो म्हणाला, "मग चला बिगीनं, तुमचा भात निवल." त्या दिवशी आम्ही दोघं एका ओळीत जेवलो. तरी मुदत मी मागे घेतली नाही. पुरुषाची जात, शब्द दिला की दिला, असलं काहीतरी डोक्यात होतं. सखाराम दिवस मोजत होता. ईस्टर जवळ आला, तशी त्याने पेटीला नवी दोरी बांधली.

ईस्टरनंतर आमच्याकडे फादर घरोघर फिरतात, घरावर पवित्र पाणी शिंपडतात आणि धर्मग्रामाच्या वहीत घरची माणसं लिहून नेतात. त्या वर्षी ईस्टरच्या दुसऱ्याच सकाळी, सखाराम निघायच्या आत, आमचं घर झालं, फादर निघाले, तेवढ्यात फिलू म्हणाली, "फादर, एक घर राहिलं."

मागे बागेत बघतो तर काय! पंपाची खोली शेणाने सारवलेली, इंजिनावर धुतलेलं पांढरं फडकं, त्यावर मेणबत्ती, आमच्या घरातला क्रूस आणि सोनचाफ्याची फुलं. दाराशी सखाराम, अंघोळ करून, माझा जुना सदरा घालून.

फादर वयस्कर, समजूतदार. त्यांनी एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "पास्कूभाऊ, इथे कोण राहतं?"

माझ्या तोंडात आलं होतं, इंजिन राहतं. फिलू माझ्याकडे बघत होती. सखाराम जमिनीकडे बघत होता आणि पेटी त्याच्या पायाशी होती, नव्या दोरीने बांधलेली. मी म्हटलं, "सखाराम राहतो, फादर."

"कधीपर्यंत?"

"राहतो," मी म्हटलं. "लिहा."

फादरांनी प्रार्थना म्हटली आणि पाणी शिंपडलं. सखारामच्या डोक्यावर थेंब पडले मात्र, त्याने वर कौलांकडे बघितलं आणि हाताशी होती ती छत्री फाड्दिशी उघडली. फादरांचा चष्मा उडाला. फिलू खाली बसून पोट धरून हसली. फादरही हसले. सखाराम बिचारा छत्री धरून म्हणत होता, "वैनी, गळतंय व्हय? म्या सांगितलं न्हवतं का तुमास्नी, मालक म्हणायचे कौलं नवी हायेत!"

फादरांनी वहीत आमच्या घराखाली नवीन ओळ काढली. पंपाची खोली, कुटुंबप्रमुख सखाराम. हा आपल्या धर्माचा नाही, असं मी हळूच म्हटलं. फादर म्हणाले, "वहीत घरं लिहितात." मग फिलू माझ्या कानाशी आली. "आशीर्वाद दिलेलं घर कोणी रिकामं करतं का हो?" बाईने मला बरोबर खिंडीत गाठलं होतं.

मृगाच्या आधी सगळी आळी छत्र्या घेऊन पंपाच्या खोलीशी. टोमणे मारणाऱ्या शेजारणी पहिल्या. सखाराम त्यांना म्हणायचा, "आधी बसा. उभ्या माणसाची छत्री इथं दुरुस्त होत न्हाई." नऊ पावसाळे राहिला. झोपेत गेला. त्याच्या भावाला कळवलं, तो आला नाही. त्याच्या रिवाजाप्रमाणे जे करायचं ते शेजारच्या हिंदू वाडीवाल्यांनी केलं, खांदा मी दिला. तेव्हा फिलू एवढंच म्हणाली, "स्वतःच्या घरातून गेला."

यंदा ईस्टरनंतर नवीन फादर आले, तरणे, मोटरसायकलवाले. वही उघडून ओट्यावर उभे राहिले. आमच्या घरात फिलोमिना या नावापुढे बारीक क्रूस काढलेला आहे. मी तिकडे बघितलं नाही. फादर म्हणाले, "काका, खाली एक सखाराम लिहिलेत. दर नव्या वहीत उतरवत आणलेत. हे कुटुंब आहे का अजून? नाहीतर खोडतो."

त्याच्या नावापुढे क्रूस नव्हता. कोण कळवणार चर्चमध्ये? वहीत तो अजून जिवंत.

"खोडू नका," मी म्हटलं. "घर आहे ते. चला, पाणी शिंपडा."

खोलीला कुलूप नाही, हे बघून फादर चकित झाले. "काका, कोणी शिरलं म्हणजे?"

"शिरला तर बसेल," मी म्हटलं. आत इंजिन नाही, कधीच विकलं. फणसाचं स्टूल आहे, पायाखाली कौलाचा तुकडा सारलेलं. कोपऱ्यात सखारामची एक छत्री आहे.

फादर दाराशी उभे राहून प्रार्थनेचं पुस्तक उघडायला लागले. मी म्हटलं, "फादर, आधी बसा. उभ्या माणसाला इथे काही मिळत नाही." ते गोंधळले, पण बसले. मग त्यांनी पाणी शिंपडलं.

मी छत्री उघडली.