तीनदा धुतलेला ड्रम

आमच्या साडभाऊंइतका नकोसा पाहुणा पांढुर्णा आणि सौसर या दोन्ही गावांत मिळून दुसरा झाला नसेल, आणि गंमत म्हणजे त्यांनी कधी कोणाकडे दुसरा कप चहासुद्धा मागितला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायचे पांढुर्ण्याला, बसने सौसरला आमच्याकडे यायचे. चप्पल काढायची, "कसं काय, साडभाऊ?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न पाहता आमच्या कपाटावर हात फिरवायचा. मुदत संपलेल्या गोळ्या, अर्धं उरलेलं खोकल्याचं औषध, घड्याळातून काढलेले सेल, उडालेला बल्ब, झुरळं मारायची बाटली, सगळं त्यांच्या पिशवीत जायचं. बायको म्हणायची, "भाऊजी, त्या डोकेदुखीच्या गोळ्या चांगल्या हायेत अजून." त्यावर ते पाकीट डोळ्यांजवळ नेऊन तारीख मोठ्यानं वाचायचे आणि ती तारीख हा माझ्या बायकोचाच गुन्हा असल्यासारखं तिच्याकडे पाहायचे.

आमच्या मुलासाठी रामाकोन्याला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा पोहे यायच्या आधी हे न्हाणीकडे गेले आणि हातात एक बाटली घेऊन बैठकीत परतले. बाटली शरबताची होती, आत संडास धुवायचं ॲसिड. "हे शरबताच्या बाटलीत कोन भरून ठेवलं जी? लेकरू पिऊन टाकन ना!" मुलीचा बाप पाहतच राहिला. सोयरीक जुळली नाही हे सांगायला नकोच. कोणाच्या तेरवीला गेले तर पंगत बसायच्या आधी घरच्या कर्त्या माणसाला कोपऱ्यात नेऊन हळूच विचारायचे, "म्हाताऱ्याच्या दवाया कुठं ठेवल्या?" लोक हसायचे. मीही हसायचो, आणि बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्यानं, कारण माझं त्यांच्याशी नातं होतं.

पण त्यांचं खरं वैर होतं ते डब्यांशी. आमच्याकडे संत्र्याच्या बागा आणि कपाशी, म्हणजे फवारणी आलीच. फवारणीचं औषध संपलं की डबा उरतो. पांढरा, जाड, घट्ट झाकणाचा. असा डबा फेकायला आमच्या माणसांचा जीव होत नाही. तो घासायचा, उन्हात वाळवायचा आणि त्यातून वावरात प्यायचं पाणी न्यायचं. साडभाऊंच्या खिशात पोती शिवायचं दाभण कायम असे. दिसला डबा की चुलीत दाभण तापवलंच. "तीन डाव धुवा, ते पानी फवाऱ्याच्या पंपातच टाका, अन् मंग बुडाले छेद पाडा. छेद पाडल्याबिगर डबा मरत नाई," हा त्यांचा मंत्र. बाया शिव्या घालायच्या, "चांगला डबा नासवला या मानसानं!" ते ऐकून घ्यायचे. त्यांची मोठी बहीण मजुरीनं कपाशी वेचायला जात असे. एका दुपारी ती अशाच डब्यातलं पाणी प्याली आणि दिवस मावळायच्या आत गेली. त्याबद्दल ते एकच वाक्य बोलायचे. "घासला होता जी तिनं. राखीनं घासला होता, चांगला."

जमा केलेलं सगळं ते आपल्या घरच्या ओसरीवरच्या एका निळ्या ड्रममध्ये ठेवत. लेकराबाळांनी हात लावू नये म्हणून त्यावर त्यांनी स्वतः लाल रंगानं कवटी काढली होती. चित्रकला अशी की ती कवटी हसऱ्या संत्र्यासारखी दिसे, आणि पोरं ती पाहायला मुद्दाम ओसरीवर चढत. उरलेल्या फवारणीच्या बाटल्या आत गळायच्या आणि वास पार रस्त्यापर्यंत यायचा. त्यांची बायको रोज म्हणायची, "फेकून द्या ना ते नाल्यात." पण नाल्यात टाकायचं नाही, जाळायचं नाही, कबाडीवाल्याला द्यायचं नाही, यावर ते अडून बसले होते. कचऱ्याच्या गाडीत सगळा कचरा पुढे जाऊन एक होतो, हे त्यांनी सायकलवरून गाडीच्या मागं जाऊन पाहिलं होतं. हे घ्यायचं कोणी, हे विचारत ते वर्षानुवर्षं फिरले. प्रत्येकानं दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगितलं.

मग त्यांच्या गल्लीतल्या एका उत्साही मंडळानं घातक कचरा गोळा करायचा कार्यक्रम केला. साडभाऊंना शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला आणि ड्रम गाडीवर चढवला. मोठ्या शहरातल्या कारखान्यात नीट जाळू, असं माईकवर सांगितलं. साडभाऊ त्या दिवशी लग्न लागल्यासारखे हसत होते. मला म्हणाले, "मोकळा झालो बा आता."

पुढच्या उन्हाळ्यात मी पांढुर्ण्याला गेलो होतो. ऊन मरणाचं. त्याच मंडळानं बसस्टँडजवळ येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी पाण्याचा प्याऊ लावला होता, मीही एक गिलास प्यालो. माझ्यासोबत आलेले साडभाऊ पाणी घ्यायला वाकले आणि तसेच थांबले. ड्रमवरचं ओलं पोतं त्यांनी बाजूला सारलं. पोत्याखाली लाल रंगाचं हसरं संत्रं होतं.

"यातलं सामान कुठं हाय?"

"टाकलं ना जी नाल्याकडं, कवाच," मंडळाचा एक जण म्हणाला. "काळजी नका करू. तीन डाव धुतला, साबन लावून. तुमीच तं सांगत होते!"

अर्धा मंत्र त्यांनी पाळला होता. छेद पाडायला मात्र जीव झाला नाही, ड्रम चांगला होता ना. साडभाऊंनी शेजारच्या पंक्चरवाल्याची टोकदार सळई उचलली आणि ड्रमच्या बुडाशी घातली. पाणी धो धो रस्त्यावर आलं. कोणीतरी त्यांना ढकललं, चष्मा पडला. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई ओरडली, "तहानल्या लोकायचं पानी सांडवलं! पाप लागन तुले!" ते चिखलात बसून बोलत होते, "घासला होता जी तिनंही..." पण ती कोण, हे तिथं माझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?

मंडळाचा माणूस माझ्याकडे वळला. "हे पागल म्हातारं तुमच्यासंगं आलं ना? कोन लागते तुमचं?"

माझ्या हातात गिलास होता. मी म्हणालो, "तोंडओळख आहे."

साडभाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा शोधायला लागले.

त्या पाण्यानं कोणी आजारी पडलं नाही, निदान कळलं तरी नाही. म्हणून वेडे ठरले ते साडभाऊच. प्याऊला दुसऱ्या दिवशी नवा ड्रम आला. तो कशाचा होता, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी तर शिकलेला माणूस!

परवा ते आमच्याकडे आले होते. ते येणार म्हणून मी मुद्दाम कपाटावर संपलेले सेल, जुन्या गोळ्या आणि एक उडालेला बल्ब मांडून ठेवला होता. मला माफी मागता येत नाही, म्हणून हे असं. त्यांनी चप्पल काढली. कपाटाकडे पाहिलं नाही, खिशात दाभण नव्हतं. खुर्चीवर नीट बसले, पाहुण्यानं बसावं तसे. चहा घेतला, पाऊसपाण्याचं विचारलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "येतो बाई." मला ते नुसतं "बरं आहे" म्हणाले, साडभाऊ म्हणाले नाहीत.

ते सेल अजून कपाटावरच आहेत. बायको दोनदा म्हणाली, टाकून द्या. कुठं टाकू?