पाठीवरचा तळवा

इटलीतल्या त्या डोंगराळ रस्त्यावर दुपारी तासभर एकही गाडी दिसली नव्हती. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं आणि पुढे लांबलचक चढ. मी सायकल थांबवून पाणी पीत होते. तेवढ्यात एक वयस्क जोडपं सायकलींवरून शेजारून गेलं. ती दमली होती. नवऱ्यानं एका हातानं हँडल धरलं, दुसरा तळवा तिच्या पाठीवर टेकवला आणि तिला हलकेच पुढे रेटलं. ती हसली. दोघं वळणाआड गेली, तरी मी तशीच उभी होते.

हा रस्ता माझ्या नवऱ्यानं, श्रीधरनं, आणि मी मिळून नकाशावर शोधला होता. मग त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि "तू तरी जाऊन ये" म्हणत त्यानंच मला धाडलं. मनाजोगत्या जागी पोचूनही माणसाला इतकं चुकल्यासारखं वाटू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी नाशिकला त्याला फोन लावला.

"दमलीस?" त्यानं हॅलोही न म्हणता विचारलं.

"चढ फार आहे रे."

"मग उतर आणि चाल. फोन ठेवू नकोस, मीही गच्चीवर चालतो."

मी सायकल ढकलत निघाले. तिकडून त्याच्या चपलांचा सावकाश आवाज येत राहिला. माथ्यावर पोचले, तर पलीकडे दरीभर पिवळं ऊन.

"काय दिसतंय?" त्याला धाप लागली होती.

"सांगते," मी म्हणाले, "आधी तू खाली बस."